आवाजापुरता कॅमेरा

फोटोग्राफर मंडळींत जाती दोनच. एक पिवळ्या पट्ट्याची, दुसरी लाल रेघेची. कंपनीचं नाव कुणी घेत नाही, गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं की माणूस कुठला ते कळतं. लाल रेघवाले म्हणतात, पिवळ्यांच्या फोटोत नवरीला कावीळ झालेली असते. पिवळे म्हणतात, लालवाल्यांची नवरी उन्हात उभी करून भाजलेली. नंतर दोघंही तिला कॉम्प्युटरवर पिठासारखी गोरी करून टाकतात, त्यामुळे भांडण निव्वळ तत्त्वाचं उरतं.

कुळगावचा अनंता भोईर जन्मभर पिवळा. अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात पक्ष बदलणं ही काही लाजेची गोष्ट नाही. इथला नगरसेवक एका झेंड्याखाली नाश्ता करून दुसऱ्याखाली जेवायला जातो आणि त्याला अपचन होत नाही. पण नगरसेवकाला लेन्स बदलाव्या लागत नाहीत. फोटोग्राफरला लागतात. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या तोंडात बसत नाही, म्हणून फोटोग्राफर निष्ठावंत असतो. निष्ठेचं कारण बहुतेक ठिकाणी एवढंच असतं.

अनंताचा कॅमेरा डीएसएलआर होता, म्हणजे पोटात आरसा असलेला. बटण दाबलं की आरसा दचकून वर उडायचा, प्रकाश आत जायचा, आरसा खाली आपटायचा. खट्! या खट्‌ने अनंताने पंचक्रोशीतली लग्नं लावली होती. मांजर्लीत नदी घरात शिरली तेव्हा पंचनाम्यासाठी लोकांच्या बुडालेल्या फ्रिजांचे फोटोही त्यानेच काढले, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून. फ्रिजसुद्धा खट् झाल्यावर जरा बरे दिसले. बारवी धरणाकडे लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी जायची. तिथे तो त्यांना एकमेकांच्या डोळ्यांत बघायला लावायचा आणि खट् होताच दोघंही आपापल्या मोबाईलमध्ये बघायची.

त्याची मुलगी उन्नती ऐरोलीच्या एका कंपनीत कामाला. तिचं लग्न ठरलं आणि पहिल्याच रविवारी, चहाला बसल्या बसल्या, तिने बापासमोर विषय काढला.

"पप्पा, एक सांगू? माझ्या लग्नात तुमचा तो ट्रॅक्टर नको."

"कुठला ट्रॅक्टर?"

"तो खटखट्या. मला कँडिड पाहिजे सगळं. कँडिड म्हणजे फोटो काढला ते कळायलाच नको."

"कळायलाच नको तर काढायचा कशाला?"

आतून संजीवनी, त्याची बायको, खळखळून हसली. "बरोब्बर बोलली पोर. तुम्ही नुसते बघितलात तरी माणसं पोटं आत घेतात."

"मिररलेस घ्या पप्पा. आवाजच नसतो त्याला. नायतर मी ठाण्याची टीम बुक करते. तुम्ही मस्त फेटा बांधून बापासारखे उभे राहा."

हे शेवटचं वाक्य तिने प्रेमाने म्हटलं होतं. अनंताला टोचलं ते नेमकं तेच.

बापासारखं उभं राहणं म्हणजे काय, ते त्याला माहीत नव्हतं. हजारभर लग्नांत त्याने बाप पाहिले होते. ते कडेला उभे असायचे आणि त्यांच्या हातांना काम नसायचं. ते हात कधी खिशात जायचे, कधी कुणाच्या पाठीवर, कधी उगीच मांडवाच्या खांबावर. मग पाठवणीच्या वेळी त्या हातांचं काय करावं हे न कळून ते रडायला लागायचे. अनंता हे सगळं काचेतून बघायचा. काचेच्या या बाजूला रडावं लागत नाही, फक्त फोकस करावं लागतं. स्वतःच्या बहिणीच्या लग्नात, आईच्या तेराव्याला, सगळीकडे तो याच बाजूला उभा होता. उन्नतीच्या हळदीला रिकाम्या हातांनी उभं राहायचं या कल्पनेनेच त्याने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

"घेतो," तो म्हणाला. "मिररलेस घेतो. टीमबिम काय नको."

मग महिनाभर तो मोबाईलवर व्हिडिओ बघत होता. जगात युद्धं चालू होती, पण त्याहून मोठं युद्ध आरसा असावा की नसावा यावर चाललं होतं. आरशाच्या बाजूने बोलणारे सांगत, बॅटरी दिवसभर पुरते, हात भरल्यासारखा वाटतो, काचेतून खरं जग दिसतं. मिररलेसवाले सांगत, वजन कमी, आवाज नाही, यंत्र माणसाचा डोळा स्वतः ओळखून त्यावर फोकस करतं. काचेच्या जागी आत एक छोटा टीव्ही असतो आणि फोटो कसा येणार ते काढण्याआधीच दिसतं. अनंताला हे पटायला वेळ लागला. फोटो कसा येईल हे आधीच कळलं, तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने थाप मारायची?

अंबरनाथचा प्रमोद पूर्वी लाल रेघेचा होता. तो नुकताच तिसऱ्याच कंपनीच्या कॅमेऱ्याकडे वळला होता आणि नव्याने दीक्षा घेतलेल्या माणसासारखा बोलायचा.

"अन्या, पिवळ्यांनी मिररलेस काढायला उशीर केला, तू त्यांच्यासाठी कशाला थांबतो? घर बदल. आणि आरशात काय ठेवलंय? आरसा काढला की यंत्र हलकं होतं."

"माणसांचंपण तसंच असतं," अनंता म्हणाला. "या प्रभागातली बघ ना, किती हलकी झालीत."

तरी शेवटी त्याने घर बदलायचं ठरवलं. एक लेन्स त्याने आपल्या गुरूच्या, अंबरनाथच्या भीमराव फोटोवाल्यांच्या, आशीर्वादाने घेतली होती. ती पिशवीत घालताना सासरी निघालेल्या मुलीची बॅग भरल्यासारखं झालं. लगेच त्याला स्वतःचाच राग आला. मुलगी खरोखर निघाली होती आणि तिची बॅग त्याने अजून पाहिलीही नव्हती.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गोपसेठचं दुकान. जुने कॅमेरे घेऊन नवे देणारा हा गृहस्थ लेन्स डोळ्याला लावायचा नाही, नाकाला लावायचा. वासावरून बुरशी ओळखतो म्हणायचा.

"साईं, लेन्स चांगल्या आहेत. रख लेता हूँ." मग त्याने तो पिवळ्या पट्ट्याचा कॅमेरा हातात घेतला, एकदा खट् केलं आणि कान देऊन ऐकलं. डॉक्टर छातीचं ऐकतात तसं. "ये नहीं चलेगा."

"का? चालतोय की!"

"चलता है, साईं. चलना और बिकना अलग बात है. आता आरसेवाला कोण घेतो? ये बुजुर्ग है. घर ले जाओ, सेवा करो."

असा व्यवहार झाला. लेन्स गेल्या, नवा मिररलेस आला, आणि जुना कॅमेरा तोंडाला प्लास्टिकचं काळं झाकण लावून घरी परतला. लेन्स नाही म्हणजे डोळा नाही. कार्डही त्याने काढून नव्यात घातलं, म्हणजे आठवणही नाही. फक्त आवाज शाबूत. अशी माणसं समाजात मानाने वावरतात, त्यांना व्यासपीठावर खुर्चीही मिळते. कॅमेऱ्याला मात्र कपाटाचा खालचा कप्पा मिळाला.

नव्या कॅमेऱ्याची चाचणी त्याने संजीवनीवर केली. ती वाल सोलत होती.

"काय टक लावून बघताय?"

"फोटो काढला."

"कधी?"

"आत्ता. तीन काढले."

संजीवनीने हातातला वाल खाली ठेवला. "सांगून काढायचा ना. चोरासारखं काय ते?"

फोटो सुंदर आला होता. बायको इतकी थकलेली दिसते हे अनंताला पहिल्यांदाच कळलं. त्याने फोटो पुसून टाकला आणि कँडिड जमलं असं उन्नतीला कळवलं.

हळदीचा दिवस आला. आगरी माणसांत लग्न एकवेळ घाईत उरकतं, हळद नाही. घरासमोरच्या रस्त्यावर मांडव पडला होता, बेंजोवाले सकाळपासून वाजवत होते, आणि मांडवातल्या पाटाजवळ बनूबाई येऊन बसली होती. बनूबाई अनंताची सख्खी आत्या आणि गावाची धवलारीण. लग्नात धवले गाते ती धवलारीण. तिने गाणं उचलल्याशिवाय कुळगावात पोरीला हळद लागत नाही. भटजी उशिरा आला तर चालतं, बनूबाई नाही आली तर मांडव नुसता शामियाना. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोरची बाई सून की जाऊ हे तिला बांगड्यांच्या आवाजावरून कळायचं. कान मात्र असे की मांडवाच्या टोकाला कुणी तिच्या गाण्याबद्दल कुजबुजलं तरी ती ओळ न तोडता त्याच्या आईचा उद्धार करायची.

बेंजो थांबला. बनूबाईने गळा साफ करून धवला उचलला. पहिली सवाशीण म्हणून अनंताची चुलत वहिनी पुढे झाली. तिने आंब्याची पानं हळदीत बुडवली, उन्नतीच्या गालाला लावली, आणि तशीच थांबली. मान अनंताकडे, ओठांवर हसू, पानं गालावर.

अनंताने फोटो काढला होता. चांगले पाच काढले होते. वहिनी थांबलेली. बनूबाईची ओळ संपली आणि तीही थांबली.

इथे इतक्या वर्षांत एक रीत पडून गेली होती. ती कुणी ठरवली नव्हती, म्हणूनच ती मोडायची कुणाची टाप नव्हती. सवाशीण हळद लावते, हात तसाच ठेवते, अनंताकडे बघते. खट् होतं. मग हात निघतो, पुढची बाई येते आणि बनूबाई पुढची ओळ उचलते. खट् ही गाण्यातली सम होती.

"झाला, वहिनी," अनंता म्हणाला.

वहिनी हसतच राहिली. ओठ न हलवता म्हणाली, "फोटू कार ना रं लवकर. हात दुखतंय."

"कारला म्हणतो ना!"

"कवा कारला?" हे बनूबाई. तिने पिकलेले डोळे आवाजाच्या दिशेने वळवले. "आवाज नाय झाला."

"आत्या, या कॅमेऱ्याला आवाज नसतो."

"मंग हाय कशाला?"

मांडवात हसू फुटलं. उन्नती गालावर पानं घेऊन बसली होती, तिने डोळ्यांनी बापाला खुणावलं, आवरा. अनंताने घाईघाईत सेटिंगमध्ये जाऊन यंत्राला कृत्रिम आवाज करायला लावला. "पिंक्" असा आवाज आला.

"मोबाईल कुनाचा वाजतंय?" बनूबाई कडाडली. "बंद करा! पोरीला हलद लागते हितं!"

मग त्याने यंत्रातला खरा पडदा, म्हणजे शटर, चालू केला. आरसा नसला तरी पडदा असतो, तो उघडमीट करताना थोडा वाजतो. "चिक्." वहिनी दचकली आणि मांडवाच्या छताकडे बघू लागली. तिच्या मागच्या दोघी बायकांनीही वर बघितलं. हळद लागताना पाल चुकचुकली, आता काय करायचं? एकीने तर जमिनीवर बोटं टेकवून कृष्ण कृष्ण म्हणायला सुरुवात केली.

"पाल नाय, मीच वाजलो," अनंता म्हणाला. लोक आता खुर्च्यांवरून उठून हसत होते.

बनूबाई मात्र हसत नव्हती.

"अनंता, इकरं ये. खरं सांग. खाली मारतूस का?"

हा शब्द तिने कुठून आणला ते अनंताला लगेच कळलं आणि त्याचे कान तापले. रोलच्या जमान्यात भीमराव फोटोवाले एक युक्ती करायचे. लग्नात रोल संपत आला, पण मामा, मावसे, शेजारी रांगेने स्टेजवर चढतच राहिले, की भीमराव नुसता फ्लॅश उडवायचे. लोक खूश होऊन उतरायचे. याला धंद्यात 'खाली मारणं' म्हणत. बनूबाईच्या एकुलत्या मुलाच्या लग्नात भीमरावांनी असंच केलं होतं. अल्बम आला तेव्हा त्यात नवऱ्यामुलाची आईच नव्हती. भीमराव म्हणाले, फोटो जळला. बनूबाई म्हणाली, माझाच कसा जळला? तेव्हापासून तिचा उजेडावरचा विश्वास उडाला. ती आवाजावर विश्वास ठेवू लागली. अनंता त्या लग्नात भीमरावांचा फ्लॅश धरून उभा होता. तो काहीच बोलला नव्हता. फ्लॅश धरणाऱ्याने बोलायचं नसतं.

"नाय गं आत्या. आईशप्पत. बघ, हा बघ फोटो." त्याने स्क्रीन तिच्यासमोर धरली. मोतीबिंदूसमोर स्क्रीन धरणं हा त्या दिवसाचा सर्वांत मूर्खपणाचा प्रकार होता.

"माना दिसतं होय?" बनूबाई म्हणाली. "खट् झाल्याबिगर मी फुरं गानार नाय. आन मी गायले नाय तर हलद लागनार नाय. तुजी पोर, तुजी मर्जी."

तिने तोंड मिटलं. मांडव गप्प झाला. वहिनीचा हात अजून गालावरच होता आणि हळदीचा एक ओघळ उन्नतीच्या कानाखालून मानेवर चालला होता. नव्या कॅमेऱ्याने त्या सगळ्या शांततेचे, आपणहून डोळे ओळखून, उत्तम फोटो काढले असते.

"ठाण्याच्या टीमला फोन लावू का?" कुणीतरी मागून ओरडलं.

अनंता घरात गेला.

बाहेर आला तेव्हा तो थोडा जाड झाला होता. सदऱ्याखाली कमरेला जुना कॅमेरा बांधला होता, तोंडावर काळं झाकण, पोटात कार्ड नाही. त्याला एक वायर लावली होती. लांबून बटण दाबायची ती वायर डाव्या बाहीतून अनंताच्या मुठीत आली होती. उजव्या हातात नवा कॅमेरा. दोन कंपन्या एका अंगावर नांदत होत्या. असं सरकार राज्यात चालतं, मग मांडवात का चालू नये?

त्याने उजव्या बोटाने आवाज न करता फोटो काढला आणि डाव्या अंगठ्याने वायर दाबली.

खट्!

"हां!" बनूबाईचा चेहरा उजळला. "अता कसा!" आणि तिने ओळ उचलली. वहिनीचा हात सुटला, दुसरी बाई पुढे आली, हळद लागली, खट् झालं, गाणं पुढे सरकलं. मांडव पुन्हा श्वास घेऊ लागला. अनंताच्या लक्षात आलं, की खट् व्हायच्या आधी सगळे पुतळे असतात आणि खट् झाल्यावर क्षणभर माणसं होतात. हात झटकतात, हसतात, जांभई देतात. तेव्हा त्याचं उजवं बोट चालायचं. खरे फोटो तो आवाज झाल्यावर घेत होता. आवाज ज्यांचा होत होता ते फोटो कुठेच नव्हते. उन्नतीला कँडिड मिळत होतं, बनूबाईला सम. भीमराव वर कुठे असतील तिथे त्यांना ठसका लागला असेल. पोरगा शेवटी त्यांच्याच वळणावर गेला. फरक एवढाच, की ते उजेडाने फसवायचे, हा आवाजाने फसवत होता. प्रगती म्हणतात ती हीच.

सवाशिणी संपल्या. मामा झाले, काका झाले. संजीवनीनेही लावली, आणि खट् झाल्यावर लेकीच्या गालावरचा हात तिने काढलाच नाही. अनंताने ते टिपलं आणि पुसलं नाही.

"बापूस कंय हाय?" बनूबाईने विचारलं. "बापसाची राहली."

अनंता काचेमागे होता. तो तिथेच थांबला. उजव्या हातात नवा कॅमेरा, डाव्या मुठीत वायर. आयुष्यात पहिल्यांदा त्याचे दोन्ही हात इतके भरलेले होते.

"माझे फोटो कोण काढणार मग?" तो म्हणाला. "तुम्ही उरकून घ्या ना."

"पप्पा, या ना इकडे," उन्नती म्हणाली. तोंडभर हळद, त्यामुळे ती रागावली होती की काय, कळत नव्हतं.

संजीवनीने येऊन त्याच्या हातातला नवा कॅमेरा काढून घेतला, जसा लहान मुलाच्या हातातून चमचा काढून घेतात, आणि खुर्चीवर ठेवला. अनंता पाटासमोर उकिडवा बसला. रिकामा झालेला उजवा हात त्याने आधी गुडघ्यावर ठेवला, मग पाठीमागे नेला, मग हळदीत बुडवला. उन्नतीच्या गालाला लावला. आणि इतकी वर्षं ज्यांना तो काचेतून बघायचा त्या सगळ्या बापांसारखा तो तसाच थांबला. हात गालावर, मान वळवलेली, खट्‌ची वाट बघत. वायर कुठल्या मुठीत आहे हेही तो विसरला होता.

बनूबाईची ओळ संपली. ती कान टवकारून बसली.

उन्नतीने बापाच्या बाहीतून लोंबणारी वायर पाहिली. ती वायर जिथे जात होती तिथे सदरा फुगलेला होता. तिने पिवळ्या हाताने सदऱ्याची कड उचलली. पिवळा पट्टा, काळं झाकण, कार्डाचा रिकामा कप्पा उघडाच राहिलेला. ती ऐरोलीला कॉम्प्युटरवर काम करायची, तिला समजायला वेळ लागला नाही.

"पप्पा," ती अगदी हळू म्हणाली, "हा मघापासून खाली मारताय?"

"आत्याला सांगू नको," तो तितक्याच हळू म्हणाला.

उन्नतीने त्याच्या कमरेचा कॅमेरा सोडवून स्वतःच्या तोंडासमोर धरला. झाकण बापाच्या नाकासमोर. दुसरा डोळा मिटला, जसा तो मिटायचा.

"हसा जरा. पोट आत घ्या."

अनंताने पोट आत घेतलं. तो हसला असावा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायला एक हात हळदीचा होता, दुसऱ्यात वायर होती.

खट्!

"झाला!" बनूबाई म्हणाली. "ह्यो ब्येस आला. उठवा पोरीला."